सरकणारा नकाशा

२०११ च्या जनगणनेत मुलचेरा तालुक्याची लोकसंख्या पंचेचाळीस हजारांच्या थोडी वर भरली. खुनाचा दर दर लाख लोकसंख्येमागे सांगण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने या तालुक्यात वर्षभरात एक खून झाला तर दर दोनच्या किंचित वर जातो, म्हणजे जवळजवळ देशाच्या सरासरीइतका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साठी दिलेला देशाचा दर २.१ होता. दोन खून झाले की मुलचेरा देशाच्या दुप्पट हिंसक ठरतो, आणि एकही झाला नाही तर जगातल्या सर्वांत शांत मुलखांत जाऊन बसतो. बांधावरून दोन भावांत पेटलेले एक भांडण कोतवालाने वेळेत सोडवले की नाही, एवढ्यावर तालुक्याचा क्रम वरखाली होणार असेल तर तो क्रम फारसे काही सांगत नाही. म्हणून अशा मुलखाच्या खुनांबद्दल बोलायचे तर एका वर्षाचा आकडा बाजूला ठेवावा, दोन-तीन दशकांचा पट पाहावा आणि एक तालुका एकटा न घेता त्याच्या शेजाऱ्यांसह घ्यावा. तसे पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. गडचिरोली जिल्ह्यात माणसे मारली जाण्याची ठिकाणे चाळीस वर्षांत सतत सरकत राहिली आहेत. माणसे तीच होती, जंगल तेच होते, पण नकाशा प्रत्येक दशकात वेगळा होता. तो का सरकला, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी नकाशाच्या रेषांबद्दल थोडे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. आज त्यात बारा तालुके आहेत, पण सुरुवातीला इतके नव्हते. मुलचेरा, भामरागड, कोरची आणि देसाईगंज हे पुढे जुन्या, मोठ्या तालुक्यांतून निघाले. त्यामुळे १९८५ साली दिना नदीच्या खोऱ्यात कोणाचा जीव गेला असेल तर तो मुलचेऱ्याच्या खाती सापडणार नाही, जुन्या तालुक्याच्या खाती सापडेल. शहरांतही हीच अडचण येते. नवे पोलीस ठाणे निघाले, हद्द बदलली, की शेजारच्या ठाण्याचा आकडा एका रात्रीत उतरतो आणि शहर सुधारल्याचा भास होतो. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेअकरा लाखांच्या आत होती, एखाद्या मध्यम शहराएवढी. फरक इतकाच की ती साडेचौदा हजार चौरस किलोमीटरवर पसरलेली होती. शहराच्या पेठा-पेठांतला फरक जसा तपासतात, तसा इथे तालुक्या-तालुक्यांतला तपासता येतो. अंतरे मोठी आहेत, पण प्रश्न तोच आहे: या भागात जास्त आणि त्या भागात कमी, असे का?

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर माणसांच्या स्वभावाकडे बोट दाखवते, आणि ते याच जंगलाच्या पलीकडच्या काठावर लिहिले गेले. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी १९४३ साली ‘माडिया मर्डर अँड सुइसाइड’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. बस्तर संस्थानातल्या दंडामी माडियांच्या शंभर खुनांचा अभ्यास त्यात आहे. दारू, संशय, जमिनीचे आणि घरातले तंटे, जादूटोण्याची भीती अशी कारणे त्यांनी एकेका प्रकरणातून उलगडली. पुस्तकाचे नाव तेवढे लक्षात ठेवणारे लोक ‘माडिया मुळातच खुनी’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. पण एल्विन यांचा खरा मुद्दा त्याच्या उलट आहे. खुनांची गर्दी दंडामी माडियांत होती. त्यांच्याच नात्यातल्या, अबुजमाडच्या डोंगरी माडियांत आणि उत्तरेकडच्या मुरियांत ती नव्हती. त्यांच्या आधी, १९३८ साली, बस्तरच्या माडियांवर लिहिणाऱ्या ग्रिगसन यांनीही हा फरक टिपला होता. मुरियांच्या सौम्यपणाचे श्रेय एल्विन गोटूलला देत. पोरापोरींना एकत्र वाढवणारी ती संस्था मत्सराची धार बोथट करते, असे त्यांचे म्हणणे होते. ते कोणाला पटो न पटो, त्यांच्या तुलनेने एक गोष्ट सिद्ध होते. रक्त, भाषा आणि देव बऱ्याच अंशी सारखे असताना खुनांचे प्रमाण इतके वेगळे असेल तर त्याचे कारण रक्तात शोधण्यात अर्थ नाही. भामरागडचे माडिया हे त्या डोंगरी माडियांचेच शेजारी आणि सोयरे आहेत, हेही इथे ध्यानात घ्यावे.

हाच धडा त्या सुमारास फार दूरच्या एका शहरातून मिळत होता. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी १९४२ मध्ये शिकागोच्या वस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो खुनांचा नव्हता, बालगुन्हेगारीचा होता; पण त्याची रीत इथे उपयोगी पडते. त्यांना दिसले की शहराच्या काही भागांत एकामागून एक स्थलांतरितांचे समूह आले, स्थिरावले आणि निघून गेले. माणसे पार बदलली, तरी त्या भागांचा गुन्ह्याचा दर वरच राहिला. जे समूह बाहेर पडून बऱ्या वस्तीत गेले, त्यांच्या पोरांचे गुन्हे कमी झाले. गडचिरोलीत याची उलटी बाजू दिसते. इथे माणसे जागची हलली नाहीत, पण दर हलला. दोन्ही ठिकाणी समूहाचा स्वभाव आणि हिंसेचा आकडा यांची जोडी फुटते. जे बदलत नाही ते बदलाचे कारण होऊ शकत नाही, हे साधे तर्कशास्त्र आहे. आणि इथे न बदलणाऱ्या गोष्टींत माणसांबरोबर सागवान, बांबू आणि मोहसुद्धा येतात.

आता नकाशाच पाहू. आंध्रातल्या पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची पहिली दलमे, म्हणजे सशस्त्र पथके, १९८० साली प्राणहिता ओलांडून आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सिरोंचा तालुक्यातल्या मोयाबीनपेठ्याला त्यांच्यातला पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मारला गेला. राज्यातल्या नक्षल चळवळीतला हा पहिला मृत्यू मानला जातो. म्हणजे गोष्ट दक्षिणेच्या टोकाला, नदीकाठी सुरू झाली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती अहेरी, एटापल्ली, भामरागड असे करत उत्तरेला धानोरा, कुरखेडा आणि कोरचीपर्यंत गेली. २००९ हे सर्वांत काळे वर्ष. १ फेब्रुवारीला मरकेगावजवळ १५ पोलीस मारले गेले, २१ मे रोजी हत्तीगोट्याजवळ १६ आणि ८ ऑक्टोबरला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, लाहेरीजवळ १७. पहिली दोन ठिकाणे धानोरा तालुक्यात, तिसरे भामरागडमध्ये. धानोऱ्याची वस्ती जेमतेम त्र्याऐंशी हजारांची. या दोन दिवसांचेच मृत्यू धरले तरी वर्षाचा दर लाखामागे ३७ होतो. भामरागडची वस्ती छत्तीस हजारांची; तिथे एका दिवसाने तो ४७ वर नेला. देशाचा दर तेव्हा तीनच्या आतबाहेर होता. २०१२ मध्ये पुन्हा धानोऱ्यातच, पुस्टोल्याजवळ, केंद्रीय राखीव दलाचे १२ जवान गेले. ११ मे २०१४ रोजी चामोर्शी तालुक्यात पावीमुरांडा-मुरमुरी भागात सात पोलीस आणि १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याला १५ पोलीस आणि एक वाहनचालक. जिथून हे सारे सुरू झाले त्या सिरोंच्याचे नाव या यादीत नाही. मुलचेऱ्याचेही नाही, जरी एका अंगाला चामोर्शी आणि दुसऱ्या अंगाला अहेरी असा तो मधोमध वसलेला आहे.

सिरोंचा या यादीतून का गळला? तिथले जंगल तोडले गेले नाही, लोक श्रीमंत झाले नाहीत. बदल झाला तो नदीपलीकडे. आंध्र प्रदेशाने १९८९ मध्ये ग्रेहाउंड्स हे खास दल उभे केले आणि पुढच्या दीड दशकात तेलंगणातली चळवळ मोडत गेली. सिरोंचा हे ज्या वाटेचे तोंड होते ती वाटच ओस पडली. उलट पूर्वेकडे, बस्तरमध्ये, २००५ पासून सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेने गावेच्या गावे उठवली आणि जंगलातला संघर्ष टिपेला गेला. छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेले धानोरा आणि भामरागड त्यानंतरच्या वर्षांत पेटले. म्हणजे तालुक्याचा दर त्याच्या पोटातल्या कारणांनी जेवढा ठरला, त्याहून जास्त तो सीमेपलीकडे सत्ता कोणाच्या हातात होती यावरून ठरला. माझे म्हणणे असे: खून तिथे वाढतात जिथे दोन सत्ता एकाच गावावर हक्क सांगतात आणि दोघींना शिक्षा देता येते, पण संरक्षण एकीलाही देता येत नाही. ग्रीसमधल्या यादवीचा गावागणिक अभ्यास करणारे स्टॅथिस कॅलिव्हास यांनी २००६ मध्ये असेच काहीसे मांडले आहे. एका बाजूचा वरचष्मा असतो पण पकड पक्की नसते, तिथे निवडून केलेल्या हत्या सर्वाधिक होतात. गडचिरोलीच्या गावांना हे पुस्तकातून कळण्याची गरज नव्हती. ‘पोलिसांचा खबऱ्या’ हा संशय कोणावर येतो? ज्या गावात पोलीस कधी येतच नाहीत तिथे खबऱ्याला खबर द्यायला कोणी नसते. जिथे पोलीस मदत केंद्र गावालाच लागून आहे, तिथे मारेकऱ्याला रात्री येणे जड जाते. मधल्या पट्ट्यात, जिथे पोलीस दिवसा येऊन जातात आणि दलम रात्री, तिथे पोलीस पाटलाने कोणाला पाणी दिले हाही गुन्हा ठरतो. जांभुळखेड्याचा स्फोटही अशाच पट्ट्यातला: त्याच दिवशी पहाटे रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली होती आणि पोलीस तिकडे निघाले होते. जिथे रस्ता नवा होत होता, तिथेच माणसे मेली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पोलिसांवरचे हल्ले म्हणजे खून नव्हेत, ते युद्ध आहे. त्यांना खुनाच्या दरात धरणे हीच चूक. आक्षेपात तथ्य आहे. धानोऱ्यात मेलेले बहुतेक पोलीस धानोऱ्याचे रहिवासी नव्हते; अंश बाहेरचा आणि छेद तालुक्याचा, असा तो अपूर्णांक आहे. पण खून आणि युद्ध यांच्यामधली रेषा या मुलखात कधीच सरळ नव्हती. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला. आजच्या मुलचेऱ्याला जवळ असलेल्या घोटच्या परिसरात त्यांच्या लढाया झाल्या. एप्रिलच्या अखेरीस त्यांच्या माणसांनी प्राणहितेकाठी गार्टलंड आणि हॉल या तारखात्याच्या दोघा इंग्रजांना मारले. इंग्रजांच्या लेखी ते खूनच होते, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांना चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, फाशी झाली. आज तोच दिवस शहीद दिन म्हणून पाळला जातो. भारतीय दंड संहिता लागू झाली ती १८६२ मध्ये. तिचे कलम ३०२ जून २०२४ पर्यंत चालले आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ ने त्याची जागा घेतली आहे. मरकेगावच्या मृत्यूंवर याच कायद्याने खुनाचा गुन्हा नोंदला जातो, चकमकीत मेलेला नक्षलवादी मात्र खुनाच्या तक्त्यात येत नाही. तेव्हा उपाय मृत्यू वगळण्यात नाही, ते वेगळे लिहिण्यात आहे: नागरिक, पोलीस आणि नक्षलवादी असे तीन रकाने. तसे केले तरी नकाशा सरकतो हा निष्कर्ष टिकतो. नागरिकांच्या हत्याही जिल्ह्यात एकसारख्या पसरलेल्या नव्हत्या. त्या त्याच मधल्या पट्ट्याच्या मागे फिरल्या. जिल्हा पोलिसांच्या नोंदींनुसार नक्षलवाद्यांनी मारलेल्या नागरिकांची संख्या पाचशेच्या वर आहे आणि पोलिसांची दोनशेच्या वर. म्हणजे ज्याला युद्ध म्हणायचे त्यात वर्दीवाल्यांहून गावकरीच जास्त मेले.

दुसरा आक्षेप नोंदींचा. जिथे ठाणे नाही तिथला खून कागदावर येत नाही. मग आकडे वाढले ते खून वाढल्यामुळे की मदत केंद्रे वाढल्यामुळे? शहरांच्या बाबतीत हा आक्षेप बहुधा चोरी-मारामारीपुरता राहतो, कारण प्रेत लपवणे कठीण. जंगलात प्रेत लपवणे तितके कठीण नाही. पण इथे हत्येचा हेतूच पाहिला पाहिजे. खबऱ्या ठरवून मारलेल्या माणसाचे प्रेत रस्त्यावर टाकले जाई आणि बाजूला पत्रक ठेवले जाई. धाक बसवण्यासाठी केलेला खून दिसण्यासाठीच केलेला असतो. तो लपला तर मारणाऱ्याचे काम होत नाही. त्यामुळे राजकीय हत्यांची नोंद बऱ्यापैकी पुरी आहे असे मानता येते. कमी नोंद होते ती दुसऱ्याच मृत्यूंची: मारहाणीने मेलेली बायको, चेटकीण म्हणून संपवलेली म्हातारी. दूरच्या तालुक्यांच्या आकड्यात खोट आहे ती इथे, आणि ती माझ्या युक्तिवादाला धक्का देत नाही. उलट दोन प्रकारचे खून एका दरात मिसळू नयेत याचे ते आणखी एक कारण आहे.

तिसरा आक्षेप नेहमीच्या कारणांचा: गरिबी, दारू आणि मिश्र वस्ती. गरिबी सगळ्याच तालुक्यांत होती, २००९ च्या आधीही आणि नंतरही. दारूबंदी गडचिरोलीत १९९३ पासून आहे. तिने घरातल्या मारहाणीवर काय परिणाम केला हा वेगळा आणि महत्त्वाचा विषय आहे. पण बंदी जिल्हाभर एकच असताना धानोरा आणि सिरोंचा यांतला फरक तिच्यावरून समजत नाही. मिश्र वस्तीचा मुद्दा मुलचेऱ्याशी थेट भिडतो. नाना प्रकारचे लोक एकत्र आले की सामाजिक धाक सुटतो आणि हिंसा वाढते, हे शहरांबद्दल पुष्कळदा सांगितले जाते. या कसोटीला मुलचेरा जिल्ह्यात आघाडीवर यायला हवा होता. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांचे इथे आणि चामोर्शीत १९६० च्या दशकापासून पुनर्वसन झाले. सुंदरनगर, विवेकानंदपूर, गांधीनगर ही नावेच ती कहाणी सांगतात. गोंड-माडिया, तेलुगू, मराठी आणि बंगाली अशा चार बोलण्यांचा हा तालुका. तरी वरच्या यादीतले सर्वांत मोठे हत्याकांड घडले ते लाहेरीला, प्रामुख्याने माडियांच्या भामरागडमध्ये. मिश्रणाने माणसे मरतात, हा सिद्धांत इथे लागू पडत नाही. बंगाली वसाहतींबरोबर भातशेती, बाजार आणि रस्ते आले, सरकारी कागद आले. जमिनीच्या तंट्यासाठी तहसील कार्यालयात जाण्याची सवय आली. त्यातून तंटे मिटले असे नाही, पण ते कोणापुढे न्यायचे याबद्दलचा संभ्रम तिथे कमी राहिला असावा, असा तर्क करता येतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: सत्तेचा संभ्रम वगैरे सोडा, पोलिसांनी जोर लावला आणि हिंसा संपली. १९९० मध्ये उभे राहिलेले सी-६० हे पोलिसांचे खास दल, एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर आणि पाठोपाठच्या चकमकीत मिळून मारले गेलेले ४० नक्षलवादी, नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याला मारले गेलेले २६ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये साठ साथीदारांसह नक्षल नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल रावची शरणागती ही साखळी नाकारता येत नाही. पण तिच्यातली एक कडी नीट पाहावी. कसनासूरच्या एवढ्या मोठ्या आघातानंतर एका वर्षात जांभुळखेडा घडले. बंदुकीने दुसऱ्या बाजूची ताकद घटवली, पण मधला पट्टा लगेच नाहीसा झाला नाही. तो फक्त उत्तरेला दिसला. तो आक्रसला तो पूल, रस्ता, मोबाइलचा मनोरा आणि रोजचे सरकार पोचू लागले आणि दलमला गावातून पोर मिळेनासे झाले तेव्हा. पोलिसी जोर हे कारण खरे आहे, पण तेही अखेर सत्ता एकहाती होण्याचेच साधन होते. म्हणून ते माझ्या म्हणण्याला विरोध करत नाही, त्याचाच एक भाग होते.

या सगळ्यातून पुढच्या काळासाठी एक इशारा निघतो. राजकीय हत्या आटल्या की जिल्ह्याचा दर उतरेल आणि कोणीतरी शांततेचा दाखला देईल. मे २०२४ च्या सुरुवातीला एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून दोघांना जाळून मारण्यात आले. राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती. तिथे दलम नव्हते, मधला पट्टा नव्हता. गावानेच न्याय केला होता, कारण आजार आणि मृत्यूचा जाब विचारायला दवाखाना आणि न्यायालय दोन्ही लांब होती. हे खून पूर्वीही होत असणार. मोठ्या आकड्यांच्या सावलीत ते दिसले नाहीत. तेव्हा जिल्हा प्रशासनाने आणि पोलिसांनी एक साधे काम करावे. १९८२ पासूनचे सर्व मृत्यू आजच्या हद्दींप्रमाणे तालुकानिहाय मांडावेत, दहा-दहा वर्षांचे गट करावेत, आणि नागरिक, पोलीस, नक्षलवादी, घरगुती तंटा आणि जादूटोण्याचा संशय असे रकाने वेगळे ठेवावेत. मुलचेरा तालुक्यात पुढच्या वर्षी एक खून झाला तर तो देशाच्या सरासरीएवढा आहे की नाही याला काही अर्थ नाही. तो कोणत्या रकान्यात पडला, याला आहे.